सात रिकाम्या सीटा

आजीनं मला युरोपला नेलं ते सिंगल सप्लिमेंटमुळे. ग्रुप टूरचे दर ‘ट्विन शेअरिंग’चे असतात. माणूस एकटा असला की अख्ख्या खोलीचा भुर्दंड त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. आजीनं ती रक्कम ऐकली, वहीत लिहिली, खाली दोन रेघा मारल्या आणि बाबांना फोन लावला. “रिकाम्या कॉटला एवढे पैसे द्यायचे, त्यापेक्षा वर थोडे घालून मी पोरालाच नेते.” २००६ चा मे महिना. दहावीची परीक्षा झालेली, निकाल लागायचा होता. म्हणजे घरात आपल्याला नक्की किती मान द्यायचा हे कुणाचंच ठरलेलं नसतं, तो काळ. मी रिकाम्या कॉटच्या जागी गेलो.

आजी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. युरोपला जायचं म्हणून तिनं आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले, पांढरे, नाडीचे. ते घालून पाचवारी साडीत आमच्या आळीतून रोज सकाळी सराव केला. लोक विचारायचे, “बाई, कुठं?” तर म्हणायची, “पॅरिस.” आणि चालायला लागायची.

ग्रुप त्रेचाळीस जणांचा. पार्ल्याच्या तीन बहिणी, तिघी एकाच खोलीत, एकीला घोरण्याची सवय आणि कुणाला ते दुसऱ्या दिवशीपासून सगळ्या बसला माहीत. नाशिकचे डॉक्टर, त्यांच्या मिसेस आणि माझ्याच वयाचा त्यांचा मुलगा, ज्याच्या कानात कायम आयपॉडच्या पांढऱ्या वायरी. हनिमूनला आलेलं एक जोडपं, ज्यांना या ग्रुपमध्ये येऊन पडल्याचा पश्चात्ताप पहिल्याच ब्रेकफास्टला झाला असावा. वसईचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. आणि एसटीतले काका. कराड डेपोला कंडक्टर म्हणून लागून वाहतूक नियंत्रक होऊन निवृत्त झालेले. मुलगा अमेरिकेत, त्यानं तिकीट काढून दिलेलं. काकू यायला तयार नव्हत्या, त्यामुळे काकांच्या खोलीत जळगावचे एक अनोळखी गृहस्थ आले होते. दोघं एकमेकांशी आठ दिवस ‘अहो-जाहो’तच बोलत होते.

आमचा टूर लीडर तिशीच्या आतला, डोंबिवलीचा. पॅरिसच्या विमानतळावर उतरल्यापासून तो ओरडत होता आणि बॅगांच्या पट्ट्यापाशी पोचेपर्यंत त्याचा आवाज बसला. त्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या हातात काहीतरी होतं, माझ्या हातात काहीच नव्हतं. “तू उंच आहेस. दाराशी उभा राहा आणि मोज. त्रेचाळीस झाले की मला सांग.”

असा मी मोजणीवर लागलो, ते पंधरा दिवस.

पहिल्यांदा बेचाळीस आले. परत मोजले, चव्वेचाळीस. तिसऱ्यांदा पार्ल्याच्या मधल्या ताई उतरून चष्मा शोधायला गेल्या आणि माझं गणितच उतरलं. दुसऱ्या सीटवर बसलेले एसटीतले काका शांतपणे हे बघत होते. शेवटी त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

“आरं पोरा, मानसं मोजू नगंस. मानसं हालत्यात. सीटा हालत न्हाईत. गाडी कितीची हाय?”

“एकोणपन्नास.”

“मग रिकाम्या ऱ्हायल्या किती?”

“सहा.”

“आन् तू हितं हुबा हाईस. तुजी कोन मोजनार, तुजा बा? तुजी धरून सात. सात रिकाम्या दिसल्या की दोरी वढायची.”

नदी ओलांडून आलेल्या आणि दहावा माणूस शोधत रडत बसलेल्या दहा शहाण्यांची गोष्ट मला तेव्हा आठवली. प्रत्येकानं स्वतःला सोडून मोजलेलं असतं. काकांना ती गोष्ट सांगितली तर म्हणाले, “त्येंच्यात कंडक्टर नसंल.”

कानमंत्र फार उपयोगी होता. अठ्ठावीस वर्षं खचाखच भरलेल्या गाडीत तिकिटं फाडलेल्या माणसाचा होता. त्यातला धोका मला दिसला नाही आणि काकांनाही नसावा, कारण एसटीत कोण बसलंय याच्याशी कंडक्टरला कर्तव्य नसतं. तिकीट असलं म्हणजे झालं.

मोजणाऱ्याला युरोप जरा वेगळा दिसतो. बाकीचे आयफेल टॉवर बघत होते तेव्हा मी आयफेल टॉवरच्या लिफ्टला शिव्या देत होतो, कारण ती दुमजली असते. अर्धे वरच्या मजल्यात, अर्धे खालच्या, आणि मी कुठल्याही मजल्यात असलो तरी दुसरा दिसत नाही. १८८९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेला, ३२४ मीटर उंच वगैरे सगळं लीडरनं सांगितलं. आजीनं ते वहीत उतरवून घेतलं. मला आठवतात ती लिफ्टच्या दारातून एकेक करून बाहेर येणारी डोकी. कानटोपी, कानटोपी, गॉगल, अंबाडा, कानटोपी.

लूव्रमध्ये तर मी मोनालिसाकडे पाठ करून उभा होतो. त्या दालनात आमच्यासारखे दहा ग्रुप होते आणि लीडरनं सांगितलं होतं की तू पुढं कठड्याशी जा, आपल्या लोकांकडे तोंड कर आणि बघत राहा कोण कुठं सरकतंय. मोनालिसा एवढीशी, ७७ बाय ५३ सेंटिमीटर. आमच्या दिवाणखान्यातलं दत्ताचं कॅलेंडर फार लहान नसेल तिच्यापेक्षा. माझ्यासमोर शेकडो चेहरे, हात वर, हातात कॅमेरे. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, समोरची अख्खी भिंत भरून, एक प्रचंड चित्र. पावणेसात मीटर उंच, जवळजवळ दहा मीटर रुंद. लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र ते हेच, आणि त्या क्षणी ते बघणारा बहुधा मी एकटाच, तेही नाइलाजानं.

मला कळेना काय आहे ते. लांबलचक टेबल, टेबलामागं माणसंच माणसं, मधे वाजंत्री, वरच्या गच्चीत कुणीतरी मटण तोडतंय, उजवीकडे एक जण मोठ्या रांजणातून सुरईत ओततोय आणि दुसऱ्या रांजणाला टेकून एक मांजर उलटं पडून खेळतंय. आमचे त्रेचाळीस जागेवर होते, म्हणून मी चित्रातले मोजायला लागलो. साठ-पासष्टापर्यंत पोचलो आणि खांबांच्या मागं चुकलो.

आजीला मोनालिसा दिसली नाही. उंची कमी पडली. ती आपली वळली आणि माझी नजर जिकडे होती तिकडे बघायला लागली.

“अरे, ही तर पंगत आहे!” मग जरा वेळानं, “वाढपी कमी पडलेत.”

वसईच्या मास्तरांनी सांगितलं, वाढपी नाही, द्राक्षारस कमी पडलाय. काना गावचं लग्न. रस संपला, यजमानाची लाज जायची वेळ आली, तेव्हा येशूनं रांजणातल्या पाण्याचा रस केला. तो त्याचा पहिला चमत्कार. “मधे बसलाय तो येशू. शेजारी आई.” आजीनं चित्राकडे परत नीट पाहिलं. नवरा-नवरी कुठायत, विचारलं. ती पार डाव्या टोकाला, कोपऱ्यात. “स्वतःच्या लग्नात कडेला बसवलंय होय,” आजी म्हणाली. तेवढ्यात लीडरनं छत्री वर केली आणि आम्ही निघालो.

त्यानंतर त्वीलरीच्या बागेत, लोखंडी खुर्च्यांवर बसून ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी. तिथं पूर्वी राजाचा वाडा होता, तो जळला, पाडला, एवढंच लीडर म्हणाला. पार्ल्याच्या ताईंनी फ्रान्समधल्या कबुतरांना भडंग घातलं. त्यांनी खाल्लं.

ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, ब्लॅक फॉरेस्ट असे पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. ब्रुसेल्सच्या मॅनिकन पिसपुढं, म्हणजे सू करणाऱ्या पोराच्या चिमुकल्या पुतळ्यापुढं, उभं राहून सगळा ग्रुप एका सुरात “एवढासाच?” म्हणाला ते आठवतं. युरो तेव्हा साधारण ५७-५८ रुपयांना होता आणि हायवेवर स्वच्छतागृहाला पन्नास सेंट. “अठ्ठावीस रुपये!” दर वेळी कुणीतरी जोरात हिशेब करायचंच, आणि मग ज्यांना गरज नव्हती तेही जाऊन यायचे, पुढं मिळेल न मिळेल. आमचा चेक ड्रायव्हर साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचा म्हणजे थांबायचाच. गाडीतलं यंत्र सगळं टिपून ठेवतं, पोलीस ते तपासतात. लोक वैतागायचे. एसटीतले काका मात्र त्या यंत्रावर बेहद्द खूश. मराठीतून त्यांनी ड्रायव्हरकडून टॅकोग्राफ समजावून घेतला, त्यानं चेकमधून समजावला, आणि दोघांनी मिळून एक सिगारेट ओढली. “हे आमच्याकडं असतं तर,” काका म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडून खिडकीबाहेर बघत राहिले.

सीट रोज बदलायची, त्याला रोटेशन म्हणतात. पुढच्या ओळीतले दुसऱ्या दिवशी मागं. त्यावरून दोन भांडणं झाली, ती इथं सांगण्यासारखी नाहीत. सांगायचं एवढंच की आठव्या दिवशी आजीची आणि माझी सीट शेवटून दुसऱ्या ओळीत होती.

सकाळी टिटलिस, स्वित्झर्लंडमधलं बर्फाचं शिखर. ३००० मीटरवर नेणारा शेवटचा पाळणा गोल फिरतो. दरीचा देखावा सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून. काका आत शिरता शिरता म्हणाले, “मोज आता!” आजीनं बर्फ हातात घेतला, वास घेतला, थोडा चाखला आणि म्हणाली, “फ्रीजमधल्यासारखाच आहे की.” पण परतीच्या पाळण्यात ओला हात साडीला न पुसता तसाच धरून बसली होती.

दुपारी ल्युसर्न. जुना लाकडी पूल, घड्याळांची दुकानं, एक तास मोकळा. चार वाजता पाऊस लागला. शेवटचं ठिकाण दहा मिनिटांचं होतं, सिंहाचं शिल्प. चौकात बस फार वेळ थांबू देत नाहीत. लोकांना उतरवायचं, फिरून यायचं, पटकन चढवायचं. लीडरनं तीनदा बजावलं, “दहा मिनिटं म्हणजे दहाच.”

खडकात कोरलेला मरता सिंह आहे तो. दहा मीटर लांब. अंगात भाला मोडून रुतलेला, पंजा एका ढालीवर, तोंड असं काही की बघवत नाही. पुढं छोटं तळं, त्यामुळे जवळ जाता येत नाही, पाण्यापलीकडूनच बघायचं. मी पाहिला तो घाईघाईनं खांद्यावरून, कारण माझं तोंड आपल्या लोकांकडे. पावसानं सगळ्यांनी डोक्यावर काही ना काही घेतलेलं. शाली, प्लास्टिकच्या पिशव्या, ल्युसर्नचा नकाशा.

चौकात पांढऱ्या बस दोन लागल्या होत्या, एकीमागं एक. मागून ट्रामसारखी लांब सिटी बस हॉर्न देत होती. लोक धावतच चढले. मी शेवटी चढलो, पुढं उभा राहिलो, बोट फिरवलं. सात रिकाम्या. परत फिरवलं. सात.

“पूर्ण!” मी म्हणालो.

आणि माझ्या सीटवर न जाता नाशिकच्या मुलाशेजारी जाऊन बसलो. तिथली एक सीट रिकामी होती आणि आठ दिवसांच्या मिनतवारीनंतर त्यानं त्या दिवशी एका कानातली वायर मला द्यायचं कबूल केलं होतं. बस निघाली. टिटलिसची थंडी आणि बसची ऊब अशी दोन्ही अंगात भरून ग्रुप पाच मिनिटांत झोपला.

हायवे संपून गाडी डोंगराकडे वळायला लागली तेव्हा मागून बाईचा आवाज आला. ओळखीचा वाटला नाही.

“आ आपणी बस नथी?”

आजीच्या खिडकीशी शाल डोक्यावरून घेतलेली एक म्हातारी बाई उठून उभी राहिली होती. अहमदाबादच्या ग्रुपमधली. पांढरी बस दिसली, दार उघडं होतं, पाऊस होता, चढल्या. मागं एक रिकामी सीट दिसली, बसल्या. डोळा लागला.

मला आधी हसू आलं. आपल्या बसमध्ये एक गुजराती बा जास्त आली, एवढंच डोक्यात शिरलं. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. त्यांनी माझ्याआधी वजाबाकी केली होती.

सीट रिकाम्या सात. म्हणजे माणसं बरोबर. म्हणजे एक आलं असेल तर एक गेलं आहे. आणि ती सीट कुणाची होती हे बसमध्ये सगळ्यात आधी ज्याला कळायला हवं होतं, तो दुसऱ्याच्या आयपॉडची वायर कानात घालून बसला होता.

तेवढ्यात लीडरचा फोन वाजला. दुसऱ्या ग्रुपच्या लीडरचा. आदल्या रात्री एकाच हॉटेलात जेवताना दोघांनी नंबर घेतले होते. त्यांचे एक कमी भरले म्हणून ते निघालेच नव्हते. शोधायला परत सिंहापाशी गेले तर तिथं बाकावर एक बाई बसलेल्या. पण त्यांच्या नव्हेत. आमच्या. चला म्हटलं तर उठायला तयार नाहीत.

परत फिरायला पुढच्या फाट्यापर्यंत जावं लागलं. लीडर माझ्याशी एक अक्षर बोलला नाही, ते मारण्यापेक्षा वाईट. पार्ल्याच्या ताई बांना चिवडा देत होत्या. बा “बस, बस” म्हणत खात होत्या आणि मला धीर देत होत्या, की बेटा, होतं असं. काका उठून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. “चूक माजी,” म्हणाले, “यष्टीचा हिशेब घरच्या मानसास्नी लावाय नगं व्हता.” मला तेव्हा रडू आलं, आणि नाशिकच्या मुलानं, देव त्याचं भलं करो, आवाज वाढवून दिला.

आजी तळ्यासमोरच्या बाकावर बसली होती. पाऊस थांबला होता. मांडीवर वही, हातात पेन. शेजारी दुसऱ्या ग्रुपचा लीडर हताश उभा. तो सांगत होता की बाईंना म्हटलं आमच्या बसमध्ये तरी बसा, तर म्हणतात, “माझा नातू मोजणीवर आहे. एक कमी भरलं की तो येईल. मी हललेली बरी नाही.”

मी समोर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मला बसमध्ये पाठ झालेलं होतं, तिथं सगळं विसरलो. आजीनं वहीतून डोकं वर काढलं.

“आकडा बरोबर आला असेल तुझा,” ती म्हणाली. रागानं नाही. वर्गात चुकलेलं गणित कुठं चुकलं हे सापडल्यावर मास्तरीण बोलते, तसं.

मग लगेच, “हे बघ.” वहीत रोमन अंक होते. ती मागं राहिली होती ती त्याच्यासाठी. सिंहाच्या खाली खडकात अक्षरं कोरलेली आहेत. लॅटिन आजीला येत नाही, पण चौथीच्या पोरांना रोमन अंक तिनं बत्तीस वर्षं शिकवले होते आणि पाण्यापलीकडे खडकावर ते ओळीनं दिसले, तेव्हा तिला राहवेना. “डी म्हणजे पाचशे. दोन सी म्हणजे दोनशे. एल पन्नास, एक्स दहा. सातशे साठ. आणि इकडे सी सी सी एल, साडेतीनशे. कसले रे हे?”

आमच्या लीडरला माहीत होतं. राग गिळून त्यानं सांगितलं. फ्रान्सच्या राजाच्या पदरी स्विस शिपाई होते. १० ऑगस्ट १७९२ ला पॅरिसमध्ये लोक राजवाड्यावर चालून आले, त्यात आणि पुढच्या महिन्यात हे शिपाई मारले गेले. ७६० मेले, ३५० वाचले. त्यांच्यासाठी १८२१ साली हा सिंह कोरला.

“कुठला राजवाडा?”

“त्वीलरी. आपण ठेपले खाल्ले ना, त्या बागेत होता.”

आजी थोडा वेळ गप्प होती. “आणि ही नावं कुणाची कोरलीत?”

“अधिकाऱ्यांची.”

“शिपायांची?”

“त्यांचा आकडाच आहे, बाई.”

“हं,” आजी म्हणाली. वही मिटली, पिशवीत टाकली, माझा हात धरून उठली. बुटाच्या नाड्या सुटल्या होत्या. मी खाली बसून बांधल्या. खूप वर्षांनी मी खडकावरच्या त्या कोरीव लेखाबद्दल वाचलं तेव्हा कळलं की शिपायांच्या आकड्याआधी एक लॅटिन शब्द आहे, ‘सुमारे’ या अर्थाचा. सुमारे ७६०. तो आजीला सांगायचा राहून गेला. लूव्रमधल्या त्या पंगतीतही सुमारे १३० जण आहेत म्हणतात.

चौकात बा आणि आजी समोरासमोर आल्या. एकमेकींच्या जागी बसलेल्या दोघी. बा आजीचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी म्हणाल्या, आजीनं त्यांना उरलेली चिक्की दिली. दोन्ही ड्रायव्हर घड्याळ बघत होते.

त्या रात्री एंजेलबर्गच्या हॉटेलात आजी उशिरापर्यंत वहीत रेघा मारत बसली. पट्टी नव्हती, साबणाचा खोका घेतला होता. सकाळी बसमध्ये ती पुढं गेली, लीडरच्या हातातला माइक मागून घेतला आणि चष्मा लावला.

“आजपासून हजेरी होईल. नाव घेतलं की ‘हजर’ म्हणायचं.”

हशा पिकला. आजीनं हशा संपेपर्यंत वाट पाहिली. बत्तीस वर्षांची सवय. मग पहिलं नाव घेतलं, संपूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. नाशिकच्या डॉक्टरीणबाई कशाबशा “हजर” म्हणाल्या. तिसऱ्या-चौथ्या नावापर्यंत बसला चव आली. पार्ल्याच्या तिघी एका सुरात. वसईचे मास्तर उभे राहून, हात पुढं करून. हनिमूनवाली मुलगी तिचं नवीन नाव पहिल्यांदाच कुणीतरी असं मोठ्यानं वाचलेलं ऐकून एकदम लाजली, आणि नवऱ्यानंच तिच्या वतीनं “हजर” म्हटलं, तर आजी म्हणाली, “ज्याचं त्यानं.” एसटीतले काका ऐकेनात.

“यष्टीत कुटं हजेरी असती व्हय बाई?” पण नाव आलं तेव्हा म्हणाले, “हाय.”

“‘हाय’ नाही. हजर.”

“…हजर.”

जळगावच्या गृहस्थांनी त्या दिवशी पहिल्यांदा काकांच्या पाठीवर थाप मारली.

सगळ्यात शेवटी माझं नाव. मी दारात उभा होतो. मला वाटलं होतं मोजणीवरच्या माणसाला हजेरी नसते.

इटली पाऊस-ऊन आणि हजेरीत गेली. इन्सब्रुकहून खाली उतरलो. व्हेनिसला सान मार्कोच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर पाण्यापलीकडे एका बेटावर पांढरं चर्च दिसतं, सान जॉर्जिओ. त्याच्या पार्श्वभूमीवर सगळ्यांनी फोटो काढले. तिथल्या मठाच्या जेवणघराच्या भिंतीवरून नेपोलियनच्या सैन्यानं १७९७ मध्ये आमची ती पंगत उतरवून पॅरिसला नेली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २००७ साली त्या भिंतीवर तिची हुबेहूब प्रतिकृती बसवली. म्हणजे आम्ही आलो ते वर्षभर आधी. मठात तसंही ग्रुपला नेत नाहीत, वेळ बसत नाही.

पिसाला बेचाळीस लोक मनोरा ढकलत होते. फक्त काका बाजूला उभे, “पडू द्या की, तुमचं काय जातंय.” रोमला ट्रेव्हीच्या कारंज्यात नाणं टाकताना कारंज्याकडे पाठ करून, खांद्यावरून टाकायचं असतं. सगळा ग्रुप ओळीनं माझ्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मोजणाऱ्याला सोपं गेलं.

परतीच्या विमानात दिवे मंद झाल्यावर आजीनं वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. शाळेच्या मस्टरसारखं पान. डावीकडे त्रेचाळीस नावं, तिच्या गोल अक्षरात, वर पंधरा तारखा. आधीचे दिवस तिनं आठवणीनं मागाहून भरले होते. प्रत्येक चौकटीत ‘ह’. ल्युसर्नच्या तारखेखाली, सगळ्यात तळाशी, चव्वेचाळिसावी एक ओळ होती. ‘अहमदाबादच्या बा — पाहुण्या’ आणि पुढं एकच ‘ह’. त्याच उभ्या रकान्यात आजीच्या नावापुढं लाल पेनानं ‘र’.

खाली एकूण काढलं होतं, पाहुणीला सोडून. एकूण ६४५, हजर ६४४. सरासरी हजेरी ४२.९३.

“ल्युसर्नला तू गैरहजर होतीस,” मी म्हणालो. त्याबद्दल आम्ही तोवर एकदाही बोललो नव्हतो.

“गैरहजर काय म्हणून? रजा होती ती.”

“अर्ज कुठाय?”

आजीनं चष्मा काढून डबीत ठेवला, डबी पर्समध्ये, आणि पाय बुटांतून बाहेर काढून वर घेतले.

“तुझ्याकडेच द्यायचा होता,” ती म्हणाली. “तू निघून गेलास.”